रजिस्टरातली आपली शाळा
(स्नेहमेळाव्यात केलेले भाषण)



संयोजकांनी मला शाळेच्या इतिहासावर बोलायला सांगितलं. मी काही इतिहासाची जाणकार नाही. दुसऱ्या तालुक्यातल्या एका शाळेत बावीस वर्षं लिपिक आहे. त्यामुळे शाळेचा इतिहास म्हटलं की मला इमारत आठवत नाही, कपाटातलं जाड पुठ्ठ्याचं जनरल रजिस्टर आठवतं. तेव्हा मी माझ्या वाटेनंच जाते.

आधी थोडं मागचं सांगते. जिल्हा परिषदेची शाळा दहावीपर्यंत असते, याचं पुण्या-साताऱ्याकडच्या लोकांना नवल वाटतं. तिकडं हायस्कूल म्हटलं की बहुतेक कुठल्या तरी संस्थेचं. आपण निजामाच्या राज्यात होतो. तिथं हायस्कुलं मोजकी, बहुतेक सरकारी आणि शिकायचं उर्दूतून. १७ सप्टेंबर १९४८ ला ते राज्य संपलं आणि मग वर्गात मराठी आली. १९५६ ला आपण मुंबई राज्यात गेलो, १९६० ला महाराष्ट्र झाला. १ मे १९६२ ला जिल्हा परिषदा आल्या आणि मराठवाड्यातल्या सरकारी माध्यमिक शाळा त्यांच्याकडं गेल्या. 'जिल्हा परिषद प्रशाला' ही पाटी आपल्याकडं गावोगावी दिसते ती त्यामुळं. या शाळांना संस्थाचालक नाही, देणगी नाही. ज्याच्या बापाकडं एकरभर कोरडवाहू आहे त्याचंही पोर दहावीपर्यंत बसू शकतं. आपल्यापैकी किती जण नाहीतर इथं असते, ते ज्याचं त्यानं मोजावं.

त्यात आपली शाळा फाट्यावरची. नांदेडहून हिंगोलीला जाणारा रस्ता आणि हदगाव, उमरखेडवरून यवतमाळ-नागपूरकडं जाणारा रस्ता इथं वेगळे होतात. बाहेरचे लोक वारंगा फाटा ओळखतात तो खिचडीवरून. गाडी थांबली, प्लेट संपवली, निघाले. आपण मात्र इथं रोज उतरायचो. आपला वर्ग कुठल्या एका गावाचा नव्हताच. वस्तीवरचे, तांड्यावरचे, शेतात आखाड्यावर राहणारे, सगळे रस्त्यानं गोळा व्हायचे. नांदेडकडची एसटी डोंगरकडा सोडून फाट्यावर लागली की प्रार्थनेच्या रांगा लांबायच्या. गाडी चुकली की पहिला तास गेला. पावसाळ्यात ओढा आला की अर्धा वर्ग रिकामा. सरांनी हजेरी घेताना 'गैरहजर' म्हणण्याऐवजी 'गाडी नाही' म्हणायला सुरुवात केली होती, आठवतंय का सर?

आता रजिस्टराकडं येते. आपल्या सगळ्यांच्या टी.सी.वर जिल्हा परभणी आहे, कारण हिंगोली जिल्हा झाला १ मे १९९९ ला. आणि आपल्यापैकी निम्म्यांचा वाढदिवस १ जूनला येतो! हसू नका. पोराला शाळेत आणणाऱ्या आजोबाला तारीख ठाऊक नसायची, "पोळ्याच्या आसपासचा आहे" एवढंच तो सांगायचा. गुरुजी दात बघायचे, उंची बघायचे आणि १ जून टाकायचे. आज त्याच अंदाजावर आपण नोकरीतून निवृत्त होतोय. वर्तणुकीच्या रकान्यात सगळ्यांची 'चांगली'. इथं समोर बसलेल्या काही जणांच्या नावापुढंही 'चांगली'च असणार, तेव्हा त्या रकान्यावर माझा फारसा विश्वास नाही.

गेल्या दोन-तीन वर्षांत या रजिस्टरांना फार भाव आला आहे. कुणबी नोंदी शोधायला लोक मोडी वाचणारा माणूस घेऊन शाळाशाळांतून फिरले. चांगलंच झालं, जुनी पानं धूळ झटकून बाहेर आली. पण त्या पानांवर शेवटी आणखी एक रकाना असतो, तो सहसा कुणी वाचत नाही. शाळा सोडण्याचे कारण.

पास झालेल्यांपुढं 'इयत्ता दहावी उत्तीर्ण' असतं. मध्येच गेलेल्यांपुढं ठरलेले दोन शेरे: 'पालकाच्या विनंतीवरून' आणि 'सतत गैरहजर'. पाचवीला आम्ही मुली दोन बाकडी भरून दाटीनं बसायचो. दहावीच्या फोटोत चौघीच आहोत. मधल्या मुलींचं लग्न झालं, कुणाला धाकटं भावंड सांभाळायला घरी ठेवलं, कुणाच्या गावची गाडी बंद झाली. हे कुठंच लिहिलेलं नाही. लिहिलंय ते 'सतत गैरहजर'. आता मानव विकासच्या निळ्या बस मुलींना आणतात, आणि २०१० पासून आठवीपर्यंत पोराचं नाव काढून टाकता येत नाही. त्या वेळी मात्र एका रेघेत काम व्हायचं.

आमच्या वर्गात एक मुलगी होती. गणितात आमच्यापैकी कुणी तिच्या पुढं गेलं नाही. दसरा झाला की आईबापाबरोबर ऊसतोडीला जायची, उन्हाळ्यात परत यायची, आणि तरी परीक्षेत उतरायची. आठवीनंतर आली नाही. मागच्या जूनमध्ये ती माझ्या टेबलासमोर उभी राहिली, नातवाचा पाचवीत प्रवेश घ्यायला. मी तिला ओळखलं, तिनंही मला ओळखलं. फॉर्म भरताना मी पालकाचं शिक्षण विचारलं, तर म्हणाली, "आठवी लिव्ह. अन् म्होरं वारंगा फाटा लिव्ह." तिला सांगितलं, त्या रकान्यात शाळेचं नाव लागत नाही. ती म्हणाली, "लागत नसंल तरी लिव्ह." मी लिहिलं.

या मेळाव्याचं कळल्यावर तिचा फोन आला. "मला यायला जमंल का गं? मी तर धावीच्या यादीत न्हाई." निमंत्रणं दहावीच्या यादीवरून गेली, कारण तीच हाताशी होती. त्यात कुणाचा दोष नाही. पण ती आली आहे. तिसऱ्या रांगेत बसली आहे. नाव घेऊ नको असं तिनं बजावलंय, म्हणून घेत नाही. जेवताना तुम्हीच तिच्याशी बोला.

माझी एवढीच विनंती आहे. दाराजवळच्या टेबलावर मी एक दोनशे पानी वही ठेवली आहे. रकाने मीच आखलेत: नाव, गाव, कितवीपर्यंत सोबत होता किंवा होती, आणि शाळा का सुटली. शेवटच्या रकान्यात खरं कारण लिहा, शेरा नको. सर, बाई, तुम्हीही लिहा; तुम्हाला आमच्यापेक्षा जास्त नावं आठवत असतील. पुढच्या वेळी निमंत्रणं त्या वहीवरून जातील, असं संयोजकांनी कबूल केलं आहे. वहीला पेन दोरीनं बांधून ठेवला आहे. वर्तणूक चांगली असली तरी कुणी तो खिशात घालून नेऊ नये.