वर्ग सांभाळण्याचे प्रशिक्षण

वर्गातील वेळ, जागा, साहित्य आणि परस्परसंबंध यांची शिक्षकाने अशी घडी बसवणे की मुलांचे शिकणे खंड न पडता चालू राहील, याला वर्गव्यवस्थापन म्हणतात. शिस्त हे त्या घडीचे फलित असते. ‘आधी शिस्त, मग शिकवणे’ हा क्रम शाळांत रूढ असला तरी प्रत्यक्षात पाठाची तयारी जितकी नेटकी, तितकी वर्गातील गडबड कमी. वर्ग हातात ठेवणे ही काहींनाच लाभलेली देणगी आहे, हा समज त्यामुळे सोडून द्यावा लागतो. ते सरावाने कमावण्याचे कौशल्य आहे आणि ते शिकवणे हे अध्यापक विद्यालये, अध्यापन महाविद्यालये व सेवांतर्गत प्रशिक्षण यांचे काम आहे.

बालकांचा मोफत व सक्तीच्या शिक्षणाचा हक्क अधिनियम 2009 मध्ये संमत झाला आणि 1 एप्रिल 2010 पासून लागू झाला. त्याच्या कलम 17 नुसार विद्यार्थ्याला शारीरिक शिक्षा करण्यास व त्याचा मानसिक छळ करण्यास मनाई आहे. छडी कायद्याने गेली. तिच्या जागी काय करायचे, याचे शिक्षण मात्र तितक्या नेटाने दिले गेले नाही. ‘आमचे हात बांधले’ ही शिक्षकांची तक्रार या पोकळीतून येते. छडीऐवजी टोमणा, घरच्या परिस्थितीवरून हिणवणे किंवा सगळ्या वर्गापुढे अपमान हे उत्तर होऊ शकत नाही. मारलेल्या मुलाप्रमाणेच हिणवलेले मूलही शिकण्यापासून तुटते.

शिक्षेविना वर्ग चालवण्याची परंपरा या देशात कायद्याच्या आधीपासून आहे. भावनगरला 1920 मध्ये बालमंदिर सुरू करणाऱ्या गिजुभाई बधेका यांच्या ‘दिवास्वप्न’ या पुस्तकातील शिक्षक पहिल्या दिवशी मुलांकडून शांततेचा खेळ करवून घ्यायला जातो आणि वर्ग हसण्या-ओरडण्यात उधळतो. दुसऱ्या दिवशी तो गोष्ट सांगतो आणि तीच मुले कान टवकारून बसतात. गिजुभाईंच्या सहकारी ताराबाई मोडक यांनी पुढे बोर्डी आणि कोसबाड येथे अनुताई वाघ यांच्या साथीने काम केले. गुरे राखणारी आदिवासी मुले शाळेत येत नाहीत, म्हणून शाळाच त्यांच्या कुरणापर्यंत गेली. गैरहजेरीला बेशिस्त न ठरवता तिचे कारण शोधणे, हा त्यांच्या कामातला वर्गव्यवस्थापनाचा पहिला धडा.

या विषयाचा पद्धतशीर अभ्यास अमेरिकन मानसशास्त्रज्ञ जेकब कूनिन यांनी केला. त्यांचे पुस्तक 1970 मध्ये प्रसिद्ध झाले. वर्गांच्या चित्रफिती तपासताना त्यांना आढळले की गडबड झाल्यावर शिक्षक कसे रागावतात, यात यशस्वी आणि अयशस्वी शिक्षकांत ठोस फरक दिसत नाही. फरक होता तो गडबड होण्याआधीच्या वागण्यात. यशस्वी शिक्षकांचे लक्ष साऱ्या वर्गावर असे आणि ते मुलांना जाणवत असे. ते एका वेळी दोन गोष्टी सांभाळत आणि एका कामातून दुसऱ्यात जाताना वर्गाला ताटकळत ठेवत नसत.

यातला शेवटचा मुद्दा नेहमीच्या तासात तपासता येतो. गणिताच्या तासाला शिक्षक ‘वह्या काढा’ म्हणतात. निम्म्या मुलांनी वह्या काढल्या तोच त्यांना कालचा गृहपाठ आठवतो. ‘कोणी केला नाही, उभे राहा.’ चार मुले उभी राहतात, त्यांची कारणे ऐकली जातात. मग फळा पुसायला डस्टर सापडत नाही, म्हणून एकाला शेजारच्या वर्गात पाठवले जाते. एवढ्यात मागच्या बाकांवर कुजबुज सुरू होते आणि तिचे खापर मुलांवर फुटते. खरे तर त्या मिनिटांत मुलांना करायला काहीच नव्हते. पहिले उदाहरण मुले येण्याआधी फळ्यावर लिहिलेले असते आणि मुले ते सोडवत असताना शिक्षकांनी बाकांमधून फिरत गृहपाठ पाहिला असता, तर रागावण्याची वेळ आली नसती. पाठ टाचणात उद्दिष्टे, साहित्य आणि मूल्यमापन यांचे रकाने असतात. एका कामातून दुसऱ्यात जाण्याचे हे सांधे कसे जुळवायचे, याचाही रकाना त्यात हवा.

प्रश्न विचारण्याची रीतही शिस्तीशी जोडलेली आहे. शिक्षणसंशोधक मेरी बड रो यांच्या संशोधनात दिसले की शिक्षक प्रश्नानंतर सरासरी सुमारे एकच सेकंद थांबतात. ही वाट तीन सेकंदांपर्यंत वाढवली की उत्तरे लांबतात, एरवी गप्प राहणारी मुले बोलू लागतात आणि शिस्तीसाठी टोकण्याची गरजही कमी होते.

एवढे करूनही काही मुले व्यत्यय आणतातच. अशा वेळी उपाय सौम्यापासून सुरू व्हावेत: नजर, जवळ जाऊन उभे राहणे, हलक्या आवाजात नाव घेणे, तासानंतर एकट्याशी बोलणे, मग पालकांची भेट. नियम मोजके असावेत, मुलांसोबत ठरवावेत आणि सर्वांना सारखे लागू व्हावेत. सतत अस्वस्थ असणाऱ्या मुलामागे भूक, कमी दिसणे, कमी ऐकू येणे किंवा घरातील हिंसा असू शकते. ती ओळखून समुपदेशकाकडे किंवा डॉक्टरांकडे नेणे, हा शिक्षकाच्या कामाचाच भाग आहे.

परिस्थितीचाही विचार हवा. शिक्षण हक्क अधिनियमाच्या अनुसूचीनुसार पहिली ते पाचवीच्या शाळेत 60 पर्यंत मुलांना दोन शिक्षक असतात. म्हणजे दोघांनी पाच इयत्ता सांभाळायच्या. तिथे एका इयत्तेला शिकवताना बाकीच्यांना स्वतः करता येईल असे काम देणे, गटप्रमुख पाळीपाळीने नेमणे आणि साहित्य मुलांच्या हाताशी ठेवणे, यावरच दिवस निभावतो. एकेका इयत्तेसाठी घेतलेल्या सराव पाठांतून हे शिकायला मिळत नाही.

प्रशिक्षणात एकेक कौशल्य छोट्या पाठातून घटवून घेणाऱ्या सूक्ष्म अध्यापनाच्या भारतीय नमुन्यात 36 मिनिटांचे चक्र असते: सहा मिनिटे पाठ, सहा मिनिटे प्रत्याभरण, बारा मिनिटे पुनर्नियोजन, सहा मिनिटे पुन्हा पाठ आणि सहा मिनिटे पुन्हा प्रत्याभरण. रचना उत्तम आहे, पण समोर विद्यार्थी म्हणून सहाध्यायी प्रशिक्षणार्थीच बसलेले असतात. त्यांच्यात कोणी चिमटा काढत नाही, खिडकीबाहेर पाहत नाही की ‘बाई, जाऊ का?’ असे विचारत नाही. वर्ग सांभाळण्याचा सराव म्हणूनच खऱ्या मुलांसमोर व्हायला हवा.

बी.एड. 2015 पासून दोन वर्षांचे झाले आणि शाळेतील छात्रसेवाकाल वाढला. या वाढीव काळासाठी तीन गोष्टी आवश्यक वाटतात. प्रत्येक प्रशिक्षणार्थ्याला पहिले काही दिवस एकाच वर्गात बसून त्याची घडी कशी बसते, याची नोंद करू द्यावी. त्यानंतर तासाची सुरुवात, गट करणे, साहित्य वाटणे, तास आटोपणे अशी लहान कामे अनुभवी शिक्षकाच्या देखरेखीखाली सुटी-सुटी करवून घ्यावीत. आणि निरीक्षण वहीत ‘वर्गनियंत्रण चांगले’ असा शेरा न मारता किती मुले कामात होती, किती वेळ वाया गेला आणि कशामुळे, हे लिहावे.

राष्ट्रीय शैक्षणिक धोरण 2020 ने शिक्षकाला दरवर्षी किमान 50 तासांचा व्यावसायिक विकास अपेक्षित धरला आहे. त्यातले काही तास व्याख्यानांऐवजी एकमेकांचे वर्ग पाहण्यासाठी राखावेत. शाळांच्या केंद्रस्तरावर भरणारी शिक्षण परिषद त्यासाठी तयार व्यासपीठ आहे. मात्र मुख्याध्यापक व केंद्रप्रमुखांनी वर्ग पाहण्याची ही भेट तपासणीपासून वेगळी ठेवली, तरच शिक्षक आपली अडचण मोकळेपणाने मांडतील. अडचण मांडता येणारा शिक्षकच मुलांचीही अडचण ऐकून घेतो, आणि तिथे शिक्षेची गरज उरत नाही.