हक्काची भरपाई आणि आपण
(विहाराच्या वर्धापनदिनी झालेले भाषण)



आजच्या मंगल दिनी आम्ही आपल्या चुलीशी निगडित असा एक विषय घेऊन उभे आहोत. आपली माणसं कारखान्यात, बांधकामावर, गोडाऊनमध्ये राबतात. मशीनमध्ये बोटं जातात, परांचीवरून पाय घसरतो. पहिले चार दिवस ठेकेदार दवाखान्यात येतो, "काळजी करू नका, बघून घेऊ" म्हणतो. मग सुरू होतात खेटे. "साहेब बाहेरगावी गेलेत", "फाईल वर पाठवलीय", "पुढच्या महिन्यात या". इकडे किराणा उधारीवर चाललेला, पोरांची फी थकलेली. आणि शेजारचं कोणीतरी म्हणून जातं, "नशिबात होतं, दुसरं काय!"

बांधवांनो, हा शब्द आपल्या घरात नको. माणसाचं प्रत्येक सुखदुःख पूर्वकर्माचंच फळ, हे मत तथागतांनी खोडून काढलं आहे. संयुत्त निकायातील सीवक सुत्तात पित्त, कफ, वात, ऋतुबदल, आघात अशी दुःखाची वेगवेगळी कारणं त्यांनी सांगितली. सिगालोवाद सुत्तात तर मालकाची पाच कर्तव्यंच दिली आहेत : शक्ती पाहून काम द्यावं, अन्न व वेतन द्यावं, आजारपणात शुश्रूषा करावी, गोडधोडात वाटा द्यावा, वेळेवर सुट्टी द्यावी. जखमी कामगाराला पाहणं हा धम्मानेच मालकावर टाकलेला भार आहे.

बाबासाहेब १९४२ ते १९४६ या काळात व्हाइसरॉयच्या मंडळात मजूर खात्याचे सदस्य होते. त्याच काळात, १९४४ साली, प्रा. अडारकर यांचा कामगारांच्या आरोग्य विम्याचा अहवाल आला आणि त्यातून पुढे १९४८ चा कामगार राज्य विमा कायदा झाला. हे हक्क आयते मिळालेले नाहीत.

आता कायद्याचं बघू. भरपाईचा कायदा मूळ १९२३ चा. २१ नोव्हेंबर २०२५ पासून त्याची जागा सामाजिक सुरक्षा संहितेने घेतली. मात्र मूळ सूत्र तेच राहिलं. काम करताना, कामामुळे अपघात झाला की भरपाई द्यायची; मालकाची चूक सिद्ध करत बसावं लागत नाही. समजा, ४० वर्षांच्या, महिना १२,००० रुपये वेतन असलेल्या कामगाराची एका हाताची दोन बोटं गेली. वेतनाचे ६० टक्के म्हणजे ७,२००. त्याला वयाच्या १८४.१७ या गुणकाने गुणायचं आणि त्याचे २० टक्के काढायचे. रक्कम होते सुमारे २ लाख ६५ हजार. ठेकेदार दहा-वीस हजार हातावर ठेवून कागदावर सही मागतो, तेव्हा हा हिशेब आठवावा.

"निकाल लागल्यावर देऊ" असं मालक म्हणतो. एका सुताराच्या बाबतीत असंच झालं. १९६८ साली काम करताना तो पडला, डावा हात कोपराच्या वर कापावा लागला. मालक सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला. न्यायालयाने १९७५ साली सांगितलं की, भरपाई देणं लागतं ते इजा झाल्या दिवसापासून, आयुक्ताच्या निकालापासून नव्हे. ९,८०० रुपयांच्या भरपाईवर ४,९०० रुपये दंड आणि वर व्याज, हे सारं कायम राहिलं. आजही एक महिन्यात रक्कम दिली नाही तर व्याज लागतं, आणि उशिराला सबळ कारण नसेल तर ५० टक्क्यांपर्यंत जादा रक्कम द्यावी लागते. रकमेबद्दल वाद असला तरी मालकाला जेवढी मान्य आहे तेवढी आधी द्यावीच लागते. ती घेतली म्हणून बाकीचा हक्क जात नाही.

म्हणून काही गोष्टी लक्षात ठेवा. दवाखान्याच्या केस पेपरवर "कामावर असताना इजा" असं लिहून घ्या. हजेरी कार्ड, पगाराची पावती, गेटपास जपून ठेवा. मालकाला अपघाताची लेखी खबर ताबडतोब द्या आणि आपल्या प्रतीवर पोच घ्या. कोऱ्या कागदावर सही किंवा अंगठा देऊ नका. ठेकेदार पळाला तर मूळ मालकाला धरता येतं. दावा दोन वर्षांच्या आत दाखल करा; "आज देतो, उद्या देतो" यातच ती मुदत निघून जाते. राज्य विम्याचं कार्ड असेल तर भरपाई महामंडळाकडून मागायची. तात्पुरत्या अपंगत्वात तिथे रोजच्या सरासरी वेतनाच्या ९० टक्के मिळतात.

आणखी एक. हात गेलेला माणूस एकटा ऑफिसात गेला की शिपाईसुद्धा त्याला बाहेर बसवतो. सोबत वस्तीतली चार शिकलेली पोरं असली की फाईल सापडते. रविवारी वंदनेनंतर एक तास विहारात बसावं, अर्ज लिहून द्यावेत, तारखेला सोबत जावं. शिकलेल्यांनी एवढं केलं तरी कितीतरी घरांची चूल विझणार नाही. त्रिशरण घेताना आपण संघालाही शरण जातो. त्या संघापासून आपण एवढं शिकू, की संकटातल्या माणसाला एकटं सोडायचं नाही.

जयभीम! नमो बुद्धाय!