अडीच एकराचा धनी

(दिंडीच्या शतकपूर्ती सोहळ्यात केलेल्या भाषणाचा मजकूर)



 मी चौथी शिकलेला माणूस. कीर्तन आणि कुळव, एवढंच मला येतं. म्हणून बोलणार तेही रानाचंच.

आपली दिंडी शंभर वर्षं चालली ती बहुतेक लहान शेतकऱ्याच्या जिवावर. मृगात पेरा साधला, रान भावाच्या नाहीतर शेजाऱ्याच्या हवाली केलं, की आपण पताका खांद्यावर घेतो. आपल्या रानाचे आपण धनी, म्हणून हे जमतं. हजेरी बुडवून येणारे वारकरीही आपल्यात आहेत. त्यांना विचारा, वारी त्यांना किती महाग पडते. उद्या गावची सगळी रानं एका मोठ्या मालकाकडं गेली आणि आपण तिथं रोजानं लागलो, तर आषाढात पंधरा-वीस दिवस कोण सोडणार आपल्याला?

पोरं म्हणतात, अडीच एकरात काय भागतंय? देऊन टाका. घेणारा शेकडो एकर एकत्र करील, यंत्रं लावील. पोरांचं अगदीच खोटं नाही. खत, बियाणं, मजुरी सगळं वाढलं आणि भाव काही आपल्या हातात नाही. पण हिशोब करायचा तर पुरा करा.

मोठ्या रानाचा हिशोब म्हंजे एक पीक आणि किती क्विंटल विकलं, एवढाच. आपल्या रानात खरिपाला बाजरीत तूर असते, कडेला मटकी, हुलगा. बाजरी निघते, तूर मागं राहते. तिचं मूळ खोल जातं, पाला गळून रानातच पडतो. रब्बीला ज्वारी आणि तिच्या भोवती करडईचे पाटे. करडईच्या काट्यानं जनावर आत येत नाही आणि घरात तेलही होतं. कडबा गाईला, गाईचं शेण रानाला. एक पीक पावसानं मारलं तर दुसरं हात देतं. हे बाजाराच्या पावतीवर येत नाही माउली, पण आपल्या ताटात येतं. दिंडीच्या पंगतीतली भाकरीसुद्धा यातलीच.

आता कुणी म्हणेल, २०१७ साली गुलाबी बोंडअळीनं कपाशी खाल्ली, ते शेतकरी लहानच होते की! बरोबर आहे. पण सगळीकडं तेच पीक, तेच बीटी बियाणं, वर्षामागून वर्षं. अळीला गावोगाव जेवणावळच मांडली. म्हणून नुसतं रान लहान असून भागत नाही. मोठ्याची नक्कल लहान रानात केली, तर धोका मोठ्याचा आणि पदर आपला फाटका.

सावता महाराजांनी अरणच्या मळ्यातच विठ्ठल पाहिला. ते पंढरीला गेले नाहीत. आजही पांडुरंगाची पालखी अरणला त्यांच्या भेटीला जाते. ज्याचा हात वाफ्यावाफ्याला लागतो, त्यालाच कुठं पाणी मुरतं, कुठं कीड लागली, ते आधी कळतं. शंभर एकराच्या मुकादमाला ते कळायला पीक पिवळं पडावं लागतं.

आणि आपण थोडे नाही. २०१५-१६ च्या कृषी गणनेत देशातल्या शंभरातले ८६ खातेदार पाच एकराच्या आतले निघाले. पण एकेकटे आहोत, म्हणून दुकानदार आणि व्यापारी दोघंही आपल्याला वाकवतात. आपल्या वडिलांनी सावड केली, इर्जिक घातली. तीच आता बियाण्याला, ट्रॅक्टरला, मळणीला आणि माल विकायला घाला. बांध ज्याचा त्याचा राहू द्या, बाजाराला मात्र एकत्र जा. दिंडीत तरी दुसरं काय करतो? पाय ज्याचे त्याचे, वाट सगळ्यांची एक.

एवढंच मागणं आहे. लग्नासाठी, मोटरसायकलसाठी रान काढू नका. अडचण आली तर आधी दिंडीत बोला. चार टाळकरी बसतील, वाट काढतील. जमीन एकदा गेली की नातवाला बांध दाखवायला राहत नाही, आणि त्याची वारी दुसऱ्याच्या मर्जीवर जाते.

बोललो त्यात कमीजास्त झालं असेल तर पदरात घ्या. रामकृष्ण हरी.