लांबची वाट

श्रोतेहो, दाभोळच्या खाडीकाठी आमच्या मोहल्ल्यात एखाद्या घरी कर्ता पुरुष दिसला नाही, तर तो कुठं आहे, असं कुणी विचारत नाही. 'बोटीवर आहे' हे उत्तर ठरलेलं असतं. माझे वडील खलाशी होते. आज माझा भाचा मालवाहू जहाजावर आहे.

समुद्रानं आम्हाला रोजी दिली, तसे शब्दही दिले. 'बंदर' फारसीतून आलं. 'नाखवा' हा फारसी 'नाखुदा', म्हणजे नावेचा धनी. 'मोसमी' वाऱ्यांमधला मोसम अरबी. याच वाऱ्यांच्या भरवशावर एकेकाळी अरबी घोडे दाभोळला उतरत आणि हाजींची गलबतं इथून निघत.

हे जुनं झालं. आता तुमच्या स्वयंपाकघरात येऊ. फोडणीचं सूर्यफुलाचं तेल बरंचसं रशिया-युक्रेनकडून येतं. काळ्या समुद्रातून निघालेलं जहाज सुएझ कालवा आणि तांबडा समुद्र पार करून येमेनजवळच्या चिंचोळ्या सामुद्रधुनीतून आपल्याकडे वळतं. तिचं नाव बाब-अल-मंदेब. अरबीत त्याचा अर्थ अश्रूंचा दरवाजा.

जगातला ८० टक्क्यांहून अधिक माल समुद्रमार्गे जातो. म्हणून असा एक दरवाजा अडला, की जगाचा श्वास अडतो. मार्च २०२१ मध्ये 'एव्हर गिव्हन' हे ४०० मीटर लांबीचं जहाज सुएझ कालव्यात आडवं झालं. सहा दिवस वाहतूक ठप्प. रोज नुकसानीचे आकडे छापून येत होते. पण त्या जहाजावरचे २५ही खलाशी भारतीय होते, हे किती जणांना आठवतं?

२०२० साली करोनामुळं बंदरं बंद झाली. वर्षअखेरीस सुमारे ४ लाख खलाशी, करार संपूनही, बोटींवरच अडकले होते. माझा भाचा त्यांतलाच. नऊ महिन्यांसाठी गेलेला मुलगा पंधरा महिन्यांनी घरी आला. बहीण रोज भिंतीवरच्या कॅलेंडरवर एक दिवस खोडायची. नववा महिना सरला आणि तिनं खोडणं सोडलं. कॅलेंडर मात्र उतरवलं नाही.

नोव्हेंबर २०२३ पासून येमेनच्या हूथी बंडखोरांनी तांबड्या समुद्रात व्यापारी जहाजांवर हल्ले सुरू केले. अनेक जहाजं आफ्रिकेला वळसा घालू लागली. प्रवास दहा-बारा दिवसांनी वाढला. भाडं वाढलं, विमा वाढला, हे आपण वाचलं. ६ मार्च २०२४ रोजी 'ट्रू कॉन्फिडन्स' या जहाजावर क्षेपणास्त्र पडलं आणि तीन खलाशी मेले. दोन फिलिपिनी, एक व्हिएतनामी. ती बातमी आतल्या पानावर होती.

त्याच आठवड्यात भाच्याचा फोन आला. 'मामू, आम्ही आफ्रिकेवरून वळसा घालून येतोय. घरी पोहोचायला उशीर होईल. अम्मीला तुम्हीच सांगा.'

मी भीतभीतच सांगितलं. बहिणीनं ओढणी सारखी केली आणि म्हणाली, 'होऊ दे उशीर, भाई. लांबच्याच वाटेनं येऊ दे.'

बाजाराच्या हिशेबात ती लांबची वाट म्हणजे तोटा. आमच्या घरात त्या दिवशी तिच्यासाठी शुक्राने झाले. श्रोतेहो, तेलाचा भाव वाढला की आपण कुरकुरतो, मीही कुरकुरतो. पण ते तेल आपल्यापर्यंत आणणाऱ्या बोटीवर कुणाचा तरी मुलगा असतो, आणि त्याच्या घरी भिंतीवर एक कॅलेंडर असतं. तेवढं ध्यानात राहू द्या.

(आकाशवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)