पाठीमागचा टर्बोचार्जर

एंजिनांतून वायां जाणाऱ्या ऊन वायूंनीं चाक फिरवून एंजिनांत अधिक हवा कोंबणारें यंत्र म्हणजे टर्बोचार्जर. १९४१ सालीं प्रथम उडालेल्या अमेरिकन थंडरबोल्ट विमानांत तें वैमानिकाच्या पाठीमागें होतें. कांहीं मोटारींतही तें मागें, सायलेन्सरजवळ बसवितात. तेथें जागा मिळते, वायु वाटेंत निवतात. पण तेलाची अडचण उभी राहते.

याचा आंस मिनिटास लाखाच्या घरांत फेरे घेतो व तेलाच्या पातळ थरावर तरंगतो. एंजिनाशेजारीं असतां तें तेल आपल्याच भारानें तळच्या चेंबरांत उतरतें. मागचें यंत्र मात्र चेंबरच्या पातळीखालीं असतें. विहिरीचें पाणी मोटेवांचून पाटांत येत नाहीं. तेलाचीही तीच गत. तुंबलेलें तेल आंसाजवळून गळतें, धूर होतो आणि अखेर एंजिनच कोरडें पडतें.

यास्तव निचऱ्याखालीं लहान टाकी ठेवून पंपानें तेल परत खेंचावें. तें फेंसाळलेलें असल्यानें पंपाची शक्ति पुरवठ्याहून अधिक असावी. पंप थांबल्यास कळावें म्हणून इशाऱ्याचा दिवाही हवा.

वाऱ्यांत असलें तरी यंत्र तापतेंच. भरधाव प्रवासानंतर एंजिन तत्काळ बंद केल्यास सांचलेलें तेल करपून बेअरिंगला चिकटतें. तें एक-दोन मिनिटें संथ चालूं द्यावें. धाडलेलें तेल परत येतें ना, एवढें पाहिल्यावांचून वेगाचा हव्यास धरूं नये.