परदेशी नोकरी आणि निघण्याचा दिवस

परदेशी नोकरीला निघालेल्या माणसाची खरी दमछाक विमानाआधी रस्त्यावरच होते. चंद्रपूरहून नागपूरचा सोनेगाव विमानतळ सुमारे दीडशे किलोमीटर. तिथून पुढे बहुधा मुंबई किंवा दिल्लीला विमान बदलावे लागते. सिरोंचाकरांना तर नागपूरपेक्षा हैदराबाद जवळ. भामरागडची गोष्ट वेगळी. पर्लकोटा नदीला पूर आला की या गावाचा संपर्क वर्षानुवर्षे तुटत आला आहे. त्यामुळे पावसाळ्यातले तिकीट असेल, तर एकदोन दिवस आधीच घर सोडणे शहाणपणाचे.

आंतरराष्ट्रीय विमानासाठी तीन तास आधी पोहोचायचे असते. पासपोर्ट, व्हिसा आणि नोकरीचा करार सामानात न टाकता हाताशी ठेवावेत. दहावी न झालेल्यांच्या पासपोर्टवर सहसा ‘ईसीआर’ (उत्प्रवास तपासणी आवश्यक) अशी नोंद असते. आखाती देशांसह 18 देशांत नोकरीसाठी जाताना त्यांना 1983च्या उत्प्रवास कायद्यानुसार आधी परवानगी घ्यावी लागते. ती नसेल, तर इमिग्रेशनच्या खिडकीवरून माणूस परत फिरतो. पर्यटक व्हिसावर पाठवून नंतर कामाला लावतो म्हणणाऱ्या दलालाचे ऐकूच नये.

पॉवर बँक हातातल्या पिशवीत, लोणचे मोठ्या बॅगेत. आईने प्रेमाने बांधून दिलेली खसखस मात्र घरीच ठेवावी; संयुक्त अरब अमिरातीत ती अमली पदार्थांत गणली जाते आणि त्यापायी तुरुंगवास होऊ शकतो.