कानात काय घालावे?

(साक्षरता वर्गात केलेले भाषण)



गेल्या महिन्यात वर्ग सुटल्यावर आपल्यातल्या एक ताई मागे थांबल्या. ताई राहतात कल्याणला आणि पोळ्यांची कामे करतात ठाण्याला. जाता-येता मिळून रोज दीड तास लोकलमध्ये जातो. वर्गातला धडा त्या मोबाइलवर भरून घेतात आणि गाडीत पुन्हा ऐकतात. केवढी हौस पाहा! त्या म्हणाल्या, "गुरुजी, गाडीच्या खडखडाटात शब्दच कळत नाही. आवाज वाढवला की कान ठणकतात. मुलगा म्हणतो, नॉइज कॅन्सलवाला हेडफोन घे. मला गाडीत होईल, त्याला पळताना होईल. दीड हजार सांगतात. घ्यावा का? आणि कोणता घ्यावा?"

मुलगा पोलीस भरतीसाठी १६०० मीटर धावण्याचा सराव करतो. पहाटे उठतो आणि रस्त्यावरच पळतो. दीड हजार रुपये म्हणजे ताईंचा एका घरच्या पोळ्यांचा महिन्याचा पगार. तेव्हा प्रश्न लहान नव्हता. आम्ही म्हणालो, "ताई, चार दिवस थांबा. सांगतो." तेच आज सगळ्यांना सांगत आहोत.

आधी हे यंत्र करते काय ते पाहू. झोपाळा तुमच्याकडे येत आहे. तुम्ही समोरून नेमक्या वेळी, तेवढ्याच जोराने उलटे ढकलले, तर झोपाळा थांबतो. आवाज म्हणजे हवेचा झोकाच. या हेडफोनला बाहेरून बारीक माइक असतो. तो गाडीची घरघर टिपतो. आतले यंत्र लगेच तिच्या उलट आवाज काढते. दोन्ही एकमेकांना मारतात आणि कानाला शांत वाटते.

ही कल्पना जुनी आहे. जर्मनीच्या पाउल ल्यूग यांना १९३६ साली अमेरिकेत तिचे पेटंट मिळाले होते. पण प्रवाशाच्या कानापर्यंत ती आणली अमर बोस यांनी. त्यांचे वडील बंगाली. इंग्रजांच्या राज्यात राजकारणात पडले आणि अमेरिकेला गेले. मुलगा तिथे प्राध्यापक झाला. १९७८ साली ते झुरिकहून बोस्टनला विमानाने निघाले होते. विमानातला हेडफोन लावला, तर इंजिनाच्या घरघरीत संगीत ऐकूच येईना. दुसरा कोणी कुरकुर करून झोपला असता. यांनी कागद काढला आणि विमानातच गणित मांडायला बसले! १९८९ साली वैमानिकांसाठी हेडफोन निघाला. म्हणजे बरे का, तुमची-आमची जी अडचण, तीच त्यांची. फक्त त्यांचे विमान, आपली लोकल.

मात्र हे यंत्र सगळे आवाज मारत नाही. मोटारीची घरघर, पंख्याची भणभण, चाकांचा एकसुरी आवाज, हे छान दबतात. डब्यातल्या भजनी मंडळाचे टाळ, फेरीवाल्याची आरोळी, शेजारणीचे बोलणे पुष्कळसे येतच राहते. पूर्वी फास्ट लोकल पारसिकच्या बोगद्यात शिरली की आपले बोलणे बंद पडत असे. तसला गडगडाट या यंत्राने पुष्कळ कमी झाला असता. २०२२ पासून फास्ट लोकल त्या बोगद्यातून जात नाहीत, ती गोष्ट वेगळी.

मग फायदा कोणता? आवाज लहान ठेवता येतो, हा. आपण गोंगाटावर मात करायला आवाज वाढवतो आणि तो थेट कानात ओततो. कानाच्या आत शंखासारखा भाग आहे. त्यात ऐकण्याच्या केसाळ पेशी असतात, एका कानात साधारण १५,०००. जन्माला येताना मिळतात तेवढ्याच. मोठ्या आवाजाने मेल्या की माणसाला पुन्हा येत नाहीत. जागतिक आरोग्य संघटना सांगते की ८० डेसिबल आवाज आठवड्याला ४० तासांपर्यंत चालतो. तोच ९० डेसिबल झाला तर ४ तासच. आकडा थोडा वाढला, वेळ एकदम दहावा हिस्सा झाला! आमची शाळा रुळांना लागून होती. गाडी जाईतो आम्ही ओरडून शिकवत असू. आज डाव्या कानाला बारीक आवाज येत नाहीत. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, वय आणि गोंगाट, दोघांचे काम. औषध नाही.

म्हणून ताईंनी गाडीसाठी असा हेडफोन घ्यावा, असेच आमचे मत पडले. पण मुलाने तोच घालून रस्त्यावर पळावे काय? इथे आम्हाला स्वतःची फजिती सांगावी लागेल.

दोन वर्षांपूर्वी मुलीने आम्हाला असाच हेडफोन आणून दिला. चांगला भारी. आम्ही तो घालून डोंबिवलीत सकाळी फिरायला निघालो. कानात नाट्यसंगीत. इतके निवांत वाटले म्हणून सांगू! एवढ्यात समोरच्या भाजीवाल्या मावशींचे तोंड हलताना दिसले. त्या हातवारे करीत होत्या. आम्हाला वाटले, गवार ताजी आली असेल. आम्ही हसून मान हलवली. तशा त्या टोपली टाकून धावल्या आणि आमचे मनगट धरून ओढले. मागे पाण्याचा टँकर उलटा येत होता. हातभर अंतर राहिले होते. मावशी म्हणाल्या, "मास्तर, कान घरी ठेवून आलात का?"

टँकरवाल्याने भोंगा वाजवला होता, क्लीनर ओरडला होता. आमच्यापर्यंत काही पोचले नाही. पस्तीस वर्षे मुलांना रस्ता ओलांडायला शिकवलेला माणूस! त्या दिवशी घरी कुणाला सांगितले नाही. आज प्रथम सांगत आहोत.

मंडळी, बसून प्रवास करणाऱ्याला बाहेरचा आवाज नको असतो. रस्त्यावरच्या माणसाला तो हवाच असतो. मागची मोटार कानालाच आधी कळते. तेव्हा एकाच वस्तूत दोन्ही कामे भागवायची तर जपून. काही हेडफोनांत बाहेरचे ऐकू देणारी सोय असते. तिला ट्रान्स्परन्सी किंवा अँबियंट म्हणतात. बटण दाबले की माइक बाहेरचा आवाज आत सोडतो. आणखी एक प्रकार कानाबाहेर, गालाच्या हाडावर बसतो आणि कान मोकळा राहतो. पळणाऱ्याला तो बरा, पण चांगला घ्यायचा तर महाग पडतो. आम्हाला विचाराल तर पळताना कशाला हवे गाणे? कान बंद करून पळाले की आपलीच पावले डोक्यात धप् धप् वाजतात. पण तरुण पोरे ऐकत नाहीत. मग निदान मैदानावर पळावे आणि एकाच कानात घालावे.

रुळांविषयी तर बोलायलाच नको. विजेची गाडी गाजावाजा न करता येते. एक गाडी गेली म्हणून पाऊल टाकावे, तर दुसऱ्या रुळावर दुसरी असते. रूळ ओलांडणे हा १९८९ च्या रेल्वे कायद्याच्या कलम १४७ प्रमाणे गुन्हा आहे. सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा हजार रुपयांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. पण दंड भरायला माणूस उरला पाहिजे ना! पूल चढताना गुडघे दुखतात, हे आम्हालाही कळते. तरी पुलानेच जा. फलाटावरही हेडफोन काढून गळ्यात ठेवावा. कल्याणला गाडीचा फलाट बदलल्याची सूचना झाली आणि तुम्ही कान झाकून उभे राहिलात, तर तुमच्यादेखत गाडी शेजारून निघून जाईल.

आता दुकानात जाऊ. दुकानदार सगळ्यालाच 'नॉइज कॅन्सल' म्हणतो. तुम्ही खोके हातात घ्या आणि वाचा. इंग्रजी मोठी अक्षरे आपण मागच्या धड्यात शिकलो आहोत. खोक्यावर ए-एन-सी अशी तीन अक्षरे असली, तर ते यंत्र तुमच्या कानातली घरघर मारते. ई-एन-सी असली, तर ते दुसरेच! तुम्ही फोनवर बोलता तेव्हा समोरच्याला तुमच्याकडचा गोंगाट कमी जातो, एवढेच. तुमच्या कानाला त्याचा उपयोग नाही. पहिले अक्षर बदलले की माल बदलला. कित्येक शिकलेली माणसेही इथे फसतात.

घामासाठी आयपीएक्स ४ किंवा त्याहून मोठा आकडा पाहावा. त्याचा अर्थ, पाण्याचे शिंतोडे सोसतो. पाण्यात बुडवायचा नाही. भारतीय मानक ब्यूरोची खूण आणि नोंदणी क्रमांक आहे का, तेही पाहा. पक्के बिल घ्या. दुकानदार दाद देईना, तर १९१५ हा ग्राहकांसाठीचा राष्ट्रीय फोन आहे.

आकाराचे म्हणाल तर मोठे, कान झाकणारे हेडफोन गर्दीत ओढले जातात आणि आपल्या उकाड्यात कान भिजतात. सुटे बड्स दिसायला छान, पण चढता-उतरता एक निसटला की फलाट आणि गाडी यांच्या फटीत गेलाच समजा. आमच्या मते लोकलला गळ्यात राहणारा पट्टा बरा. कानातून निघाला तरी गळ्यातच राहतो. सोबत रबराच्या लहान-मोठ्या टोप्या येतात. आपल्या कानाला घट्ट बसणारी निवडावी. डोके हलवून पाहावे, जबडा हलवून पाहावा. टोपी सैल असली तर भारीतले यंत्रही गाडीची घरघर अडवीत नाही. हे पुष्कळांना ठाऊक नसते. ते उगाच यंत्राला नावे ठेवतात.

हे सारे आम्ही ताईंना सांगितले. रविवारी त्या दुकानात गेल्या. दुकानदाराने तेराशेचा पट्टा पुढे केला. "घ्या मावशी, नॉइज कॅन्सल आहे." ताईंनी खोके उजेडात धरले. अक्षरांवर बोट ठेवून वाचले आणि म्हणाल्या, "ही ई आहे. मला ए पाहिजे." दुकानदार त्यांच्या तोंडाकडे पाहतच राहिला! त्याच्याकडे ए नव्हता. ताई तिसऱ्या दुकानात गेल्या आणि अठराशेला घेऊन आल्या. आता आवाज निम्म्याखाली ठेवून धडा ऐकतात. कल्याण जवळ आले की पट्टा गळ्यात घेतात.

मुलाशी मात्र त्यांचा तंटा चालूच आहे. तो म्हणतो, "बटण दाबले की बाहेरचे ऐकू येते." ताई म्हणतात, "आणि दाबायला विसरलास तर?" पहाटे तो निघाला की पट्टा त्या आपल्या पिशवीत टाकतात. तो मागायला आला की म्हणतात, "मैदानावर चल, तिथे देते."